अण्णा, रविवारी मीटिंग नव्हती

निशी-कासाई, टोकियो

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, तूरडाळ स्टेशनजवळ मिळते, चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. तेव्हा आईने जिवाला घोर लावून घेऊ नये.

ताईने तुम्हाला सांगितलं, "तो रात्रभर गेम खेळतो." रात्रभर नाही. एकपर्यंत. फार तर दोन. आणि अण्णा, हा रमीसारखा पैसे लावायचा प्रकार नव्हे. एकदा विकत घेतला की झालं. आर्मर्ड कोअर त्याचं नाव. पहिला भाग १९९७ सालचा, म्हणजे माझ्याच वयाचा. मी खेळतो तो सहा नंबरचा, ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला. फ्रॉमसॉफ्टवेअर ही बनवणारी कंपनी इथलीच, टोकियोची.

लोखंडी राक्षसांच्या मारामारीत एवढं काय, असं आई म्हणेल. मारामारी निम्मीच. बाकीचा सगळा तुमचा मागाचा धंदा आहे, अण्णा. घराएवढं उंच यंत्र. डोकं, धड, हात, पाय, जनरेटर सगळं सुटं. पाय दोन हवेत, चार हवेत की रणगाड्याचे पट्टे, ते आपण ठरवायचं. जनरेटरला झेपेल त्याहून जास्त भार लावला तर यंत्र शेडबाहेरच पडत नाही. सुरुवातीच्याच टप्प्यात बाल्टियस नावाचा एक येतो. अंगाभोवती उजेडाचं कवच, आणि क्षेपणास्त्रं मूठभरून सोडतो. एका रात्रीत मी त्याच्यापुढे वीसेक वेळा मेलो. चिडून बंद केलं आणि दात घासायला गेलो. ब्रश तोंडात असतानाच सुचलं, कवच फोडायला पल्स गन लावून बघू. तसाच परत येऊन बसलो. कवच फुटायला लागलं, पण आता यंत्र जड. मग पाय बदलले. तुम्ही मध्यरात्री माग सुरू करायचा, कान लावून ऐकायचं, बंद करायचा, नट अर्धा आटा आवळून परत सुरू करायचा, आणि आई आतून ओरडायची, "उद्या करा की!" तुम्ही "हे एवढं बघतो" म्हणायचा. तसंच आहे हे. बाल्टियस पडला तेव्हा पावणेदोन वाजले होते. पूर्वी तो याहून अवघड होता म्हणे, कंपनीने मागाहून त्याचा जोर कमी केला. हे मला कुणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

गेममध्ये प्रत्येक कामाच्या मजुरीतून बंदुकीच्या गोळ्यांचा आणि दुरुस्तीचा खर्च कापून घेतात. पण सुटा भाग विकला की घेतल्या भावाने पैसे परत, पैचीही घट नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपले दोन माग आठवले, माझ्या जपानीच्या क्लाससाठी भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेले. असो.

आता इथली एक गंमत सांगतो. खांबांवर कर्णे बसवलेत आणि रोज संध्याकाळी पाचला त्यातून लहान मुलांच्या गाण्याची चाल वाजते. शब्द नाहीत, नुसती चाल. कुठलं देऊळ नाही, सण नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं भूकंपच आला, मी पासपोर्ट घेऊन जिना उतरलो. खाली एक आजी शांतपणे झाडांना पाणी घालत होत्या! कर्णे भूकंप-त्सुनामीचा इशारा द्यायचेच आहेत, पण ऐनवेळी बिघडलेले निघू नयेत म्हणून रोज वाजवून बघतात. आणि वाजवायचंच तर मुलांना घरी जायची आठवण होईल असं काहीतरी वाजवतात. थंडीत काही भागांत साडेचारलाच वाजतं, अंधार लवकर पडतो म्हणून. आजीची दिवेलागणीची हाक सरकारने खांबावर बसवलीय, असं समजा.

हे एवढं लांबवायचं कारण, इथले पाच म्हणजे तुमचे दीड. तुमच्या फोनची वेळ. एरवी कर्णा वाजला की मी फोन हातात घेऊन बसतो. गेल्या रविवारी कानावर हेडफोन होते. कर्णाही ऐकला नाही आणि तुमचे चार कॉलही. नंतर आईला म्हणालो, "मीटिंग होती." रविवारी कसली मीटिंग? आईने विचारलं नाही, म्हणून जास्तच लागलं.

या महिन्यात तीस हजार पाठवलेत, दहा कमी. येन पडलाय हे खरं आहे, पण मी नवीन स्क्रीनही घेतला. पुढच्या महिन्यात भरून काढतो. मोतीबिंदूची तारीख मात्र पैशापायी पुढे ढकलू नका, ताईकडून घ्या, मी तिला देतो.

जयसिंगपूरच्या स्थळाला 'बघू' कळवा. 'नको' नव्हे, 'बघू'. मुलीचा फोटो पाहिला, चांगली वाटली. पण बायोडेटात ताईने माझे छंद 'वाचन, ट्रेकिंग' लिहिलेत, ते आधी खोडा. शेवटचा डोंगर मी नववीत चढलो, जोतिबाचा, तोही एसटीने.

तुमचा,
बाळू