हिरे सापडण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला नवस्वतंत्र देशांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांवरचा लेख वाचला. त्यात घानाचे एन्क्रुमा आहेत, टांझानियाचे न्येरेरे आहेत, इंडोनेशियाचे सुकार्णो आहेत. आफ्रिकेतल्या बोत्स्वानाचे सेरेत्से खामा मात्र ‘हिरे सापडले म्हणून देश सुधारला’ एवढ्या एका ओळीत उरकले आहेत. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला असल्यामुळे ती ओळ काही घशाखाली उतरेना. हिरे काँगोतही सापडले आणि सिएरा लिओनमध्येही. तिथल्या लोकांच्या वाट्याला काय आले, हे आपल्याच बातम्यांतून आम्ही वाचत आलो आहोत.

30 सप्टेंबर 1966 रोजी खामांच्या हाती आलेला देश आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास. डांबरी रस्ता उभ्या देशात 12 किलोमीटर, पदवीधर 22. राजधानीसुद्धा 1965 पर्यंत देशाबाहेर! इंग्रज हा मुलुख सीमेपलीकडच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगमधून हाकत होते; त्यामुळे गाबोरोने ही नवी राजधानी घाईघाईने वसवावी लागली. त्यातच दुष्काळ पडून तिसऱ्या हिश्श्याइतकी गुरे दगावली. आम्हा आटपाडीकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दहा वर्षांनी या देशाने दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून स्वतःचे चलन काढले, त्याचे नाव ‘पुला’. पुला म्हणजे पाऊस.

आता हिऱ्यांविषयी. जमिनीखालचे खनिज त्या-त्या जमातीचे नव्हे, साऱ्या देशाचे असेल, हे खामांच्या पक्षाने 1965च्या जाहीरनाम्यातच लिहिले होते. ओरापाचे हिरे सापडले 1967 मध्ये, आणि त्याच वर्षी कायदाही झाला. ओरापा आहे बामांग्वातो जमातीच्या मुलखात, आणि खामा जन्माने त्याच जमातीच्या गादीचे वारस. म्हणजे या कायद्याने सर्वांत जास्त कोणाचे गेले असेल, तर ते त्यांच्याच भाऊबंदांचे. पुढे ज्याच्या-त्याच्या मुलखातल्या खाणीवरून जमाती-जमातींत जुंपायची, ती जुंपलीच नाही. लेखात यायला हवे होते ते हे.

दुसरी गोष्ट चिकाटीची. डी बिअर्ससारख्या हिऱ्यांच्या बलाढ्य कंपनीशी केलेल्या पहिल्या करारात सरकारचा वाटा अवघा 15 टक्के होता. खामांनी खाणी ताब्यात घेतल्याची घोषणा करून टाळ्या मिळवल्या नाहीत. खाण चालू दिली, हिशेब समजून घेतला आणि पुन्हा बोलणी लावली. 1975 मध्ये वाटा 50 टक्क्यांवर गेला. यात अर्थखाते सांभाळणाऱ्या क्वेट मासिरे यांचा हात मोठा, हेही नोंदवायला हवे. गोऱ्या अधिकाऱ्यांनाही खामांनी एका रात्रीत घालवले नाही. आपली माणसे तयार होतील तसतशा खुर्च्या बदलल्या. यावरून त्या काळी त्यांना बोटचेपे म्हणणारेही होते. पण ज्या माणसाला गोऱ्या मुलीशी लग्न केले म्हणून इंग्रजांनी सहा वर्षे मायदेशी पाऊल टाकू दिले नाही, आणि 1956 मध्ये गादीवरचा हक्क सोडल्यावरच परत येऊ दिले, त्याने सूडाचे राजकारण केले नाही, याला बोटचेपेपणा म्हणायला मी तयार नाही.

शेजारची अडचण तर निराळीच. दक्षिणेला दक्षिण आफ्रिकेची वर्णद्वेषी राजवट, पूर्वेला गोऱ्यांचा ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे), आणि देशातून जाणारी रेल्वे चालवणारे ऱ्होडेशियावालेच. खामांनी निर्वासितांना आसरा दिला, वर्णद्वेषाला उघड विरोध केला, पण तिथल्या बंडखोरांना सशस्त्र तळ मात्र उभारू दिले नाहीत. स्वतःचे सैन्य 1977 पर्यंत नव्हतेच; ऱ्होडेशियाच्या घुसखोरीने ते उभारणे भाग पाडले.

त्यांची आरती ओवाळायची नाही. 1975च्या चराऊ जमिनींच्या धोरणाचा फायदा मोठमोठे कळप बाळगणाऱ्यांना झाला. कालाहारीत शिकार करून आणि कंदमुळे खणून जगणाऱ्या सान लोकांच्या पायाखालची जमीन मात्र आणखी आकसली. खामा स्वतः मोठे गोधनवाले होते, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक. पूर्वी लेसोथो, स्वाझीलँड आणि बोत्स्वाना यांचे मिळून एकच विद्यापीठ होते. 1975 मध्ये लेसोथो त्यातून बाहेर पडला आणि बोत्स्वानाला स्वतःचे विद्यापीठ बांधणे भाग पडले. तेव्हा खामांनी लोकांना हाक दिली, ती ‘माणशी एक जनावर’ अशी. दुष्काळ पाहिलेल्या त्या लोकांनी गुरे दिली, ज्यांच्याकडे गुरे नव्हती त्यांनी धान्य, कोंबड्या, जमेल ते दिले. लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर लेखकांनी त्यात निदान या गुरांपुरती तरी जागा करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
आटपाडी (जि. सांगली)