दर्शन की पाठलाग?

डॉल्फिन आणि देवमासे दाखवणाऱ्या बोटसहली वाढल्या, हे चांगलेच. पण पाण्यावर एक पाठ दिसताच चार बोटी तिकडे सुसाट सुटतात, तेव्हा ती सहल कमी आणि शिकार जास्त वाटते. हे प्राणी आवाजावर जगतात; पिलाशी संपर्कही आवाजानेच. इंजिनाच्या गोंगाटात तोच बुडतो. स्पिनर डॉल्फिन तर रात्री शिकार करून दिवसा किनाऱ्याजवळ विसावतात. म्हणजे त्यांची झोपमोड करायला आपण पैसे मोजतो! अनेक देशांत देवमाशांपासून किमान १०० मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. तिकीट काढतानाच विचारावे, बोट किती लांब थांबवणार? ‘न दिसल्यास पैसे परत’ म्हणणारी बोट मी तरी टाळतो. पाठलाग तिथूनच सुरू होतो.

– एक वाचक