वेळणेश्वरला भेटलेल्या माणसांनो, आभार

आमच्या मोटरहोमची, म्हणजे आतच राहता येतं अशा गाडीची, डाव्या बाजूची खिडकी कधीपासून गळत होती, देव जाणे. गुहागर सोडलं त्या रात्री पावसाने झोडपलं. सकाळी खिडकीखालची भिंत दाबून पाहिली, तर बोट आतच गेलं. बाहेरून पत्रा चकचकीत, आत प्लायचा नुसता भुगा.

वेळणेश्वरला होड्यांना फायबर मारणाऱ्या काकांनी विचारलं, "वरून सिलिकॉन कोणी थापलंय?" मीच थापलं होतं. पाणी चौकटीमागून शिरतं, वरून थापलं की ते आत कोंडतं, एवढं त्यांनी न हसता समजावलं. (नंतर हसले.) मग खिडकी अख्खी काढली, जुना चिकट थर खरवडला, टणक लाकूड लागेपर्यंत कुजका भाग कापला. सुतारदादांनी आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय चिपळूणहून मागवला, कडांना इपॉक्सी (पाणी शिरू न देणारी, सुकून कडक होणारी राळ) पाजलं. बसवायची घाई मला होती. त्यांनी करू दिली नाही. कोकणातली हवा ती! चार दिवस पंखा लावून सांगाडा सुकवला. वीज ज्यांच्या घरून घेतली त्या वहिनींनी पैसे तर घेतले नाहीतच, वर रोज घावणे पाठवले. शेवटी चौकटीमागे ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, रबरी चिकटपट्टी), आणि खाली पाणी निघायची बुजलेली भोकं मोकळी.

नावं लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. काका, दादा, वहिनी, आणि भर पावसात ताडपत्री धरून उभ्या राहिलेल्या दोन पोरांनो, मनापासून आभार. परवा रात्रभर कोसळला, गादी कोरडी होती. वहिनी, तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय; गणपतीत आणून देतो.