जप्तीचा आदेश ऑफिसात पोहोचतो, मग दाव्याचे समन्स का नाही?

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

कर्जवसुलीच्या दाव्याचे समन्स जुन्या भाड्याच्या घरी जाते, दावा एकतर्फी चालतो, हुकूमनामा होतो. प्रतिवादीला हे कळते ते पगार कापला गेल्यावर. दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या अर्जाच्या, वेळी वादीला त्याचे ऑफिस बिनचूक ठाऊक असते. दावा लावताना मात्र सोडून गेलेल्या घराचा पत्ता. याला चूक कसे म्हणायचे?

कायद्यात हे बसत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 नियम 17 प्रमाणे समन्स चिकटवायचे ते प्रतिवादी ज्या घरात राहतो किंवा धंदा करतो त्या घराच्या दारावर, आणि तेही नीट शोध घेऊन तो सापडला नाही किंवा त्याने पोच म्हणून सही करायला नकार दिला तरच. घर कोणी दाखवले, कोणासमोर चिकटवले, त्याचे नाव-पत्ता बेलिफाने (समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याने) अहवालात लिहायचा असतो. अहवालासोबत शपथपत्र नसेल तर बेलिफाला शपथेवर तपासणे नियम 19 ने कोर्टावर बंधनकारक आहे. आणि फायलीत काय सापडते? 'घर बंद, समन्स चिकटवले.' एवढाच शेरा. घर दाखवणाऱ्याचे नाव नाही, शेजाऱ्याला विचारल्याची नोंद नाही. तेवढ्यावर 'समन्स बजावले' असा आदेश होतो.

पुढचे ओझे सगळे प्रतिवादीवर. त्याने ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावाने शोधून सीएनआर नंबर (दाव्याचा ओळख क्रमांक) काढायचा. हुकूमनामा, बेलिफाचा अहवाल आणि परत आलेला टपालाचा लिफाफा यांच्या नकलांसाठी अर्ज करायचा. मग त्याच कोर्टात आदेश 9 नियम 13 खाली हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज. मुदत 30 दिवस. समन्स रीतसर बजावलेले नसेल तर ती हुकूमनामा कळल्या दिवसापासून मोजतात. पेपरातली जाहीर नोटीस मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद 123 पुरती रीतसर बजावणी ठरत नाही, हे अनेकांना सांगितलेच जात नाही. घर बदलल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार, वीजबिल लागते. पण सर्वांत भक्कम कागद म्हणजे दावा लावण्याआधी वादीनेच नव्या पत्त्यावर पाठवलेले पत्र. एवढे करूनही दरखास्त आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा, आणि कोर्ट रक्कम भरायला सांगू शकते.

तोवर पगार कापला जातोच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी जप्त होते. म्हणजे 31,000 रुपयांच्या पगारातून दरमहा 10,000. घरभाडे, मुलांची फी, आईची औषधे यांतले काय थांबवायचे ते त्या घराने ठरवायचे, आणि तेही बाजू मांडायची संधी न मिळता! ऑफिसात बदनामी होते ती निराळीच.

मंत्री महोदय, हप्ता एक दिवस चुकला की मोबाइलवर मेसेज येतो. पॅन, आधार, बँक खाते सगळे एकमेकांना जोडून घेतलेत. 2002 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ईमेलने समन्स पाठवायची वाटही उघडली, पण ती उच्च न्यायालयांच्या नियमांवर सोडली. माणसाकडून वसूल करायचे असते तेव्हा यंत्रणेला तो सापडतो. त्याचे ऐकायचे असते तेव्हाच कसा सापडत नाही? गरिबाला न्याय महाग पडतो असे आपण म्हणत आलो. इथे तर त्याला न्यायालयात बोलावलेच जात नाही.

आदेश 6 नियम 14अ खाली पक्षकाराने स्वतःचा खोटा पत्ता दिला तर वादीचा दावा स्थगित होऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो. वादीने दिलेला प्रतिवादीचा पत्ताही तितक्याच कडकपणे तपासा. स्वतःच्या दप्तरी असलेले प्रतिवादीचे सगळे पत्ते, मोबाइल आणि ईमेल वादीने दाव्यासोबत शपथेवर द्यावेत, त्या सगळ्यांवर समन्स जावे, आणि त्याशिवाय एकतर्फी आदेश होऊ नये. नवा पत्ता दडवल्याचे सिद्ध झाले तर प्रतिवादीचा सगळा खर्च वादीने द्यावा. कापलेल्या पगारासाठी त्या माणसाला कलम 144 खाली पुन्हा वेगळा अर्ज करायला लावू नका. हुकूमनामा रद्द करणाऱ्या आदेशातच ती रक्कम परत करण्याची तारीख घाला.

आपला,
एक नागरिक