पदवीच्या मुलांना मार्गदर्शक हवेत

पदवीचे जीवशास्त्र प्रकल्प बहुतेकदा गुणांपुरतेच उरतात. खरे तर जनुकांच्या उत्क्रांतीचा अभ्यास फारशा खर्चाविना होतो. जनुकक्रमांचे, म्हणजे जनुकांतील रासायनिक अक्षरांच्या ओळींचे, साठे इंटरनेटवर मोफत आहेत. डोळा घडवण्याची सूचना देणारे उंदराचे पॅक्स-६ जनुक फळमाशीत कार्यरत केले, तर डोळा उगवतो तो माशीचाच, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. ते ऐकून माझ्या एका विद्यार्थिनीने माणूस, उंदीर, माशी यांच्यातील या जनुकाचे क्रम एकाखाली एक लावून जुळणारी अक्षरे रंगवली. मग तिचे प्रश्न थांबेनात! अशा मुलांसोबत दर आठवड्याला तासभर बसणारे कुणी हवे. तो तास प्राध्यापकांच्या कार्यभारात धरायलाच हवा. खारघरसारख्या ठिकाणच्या संशोधन संस्थांनीही सुट्टीत ठाणे-नवी मुंबईच्या या मुलांना प्रयोगशाळेत घ्यावे.

— एक प्राध्यापिका, वाशी