वाढवलेल्या गोठ्याचं दूध घालायचं कुठे?

प्रति,
मा. दुग्धविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

आपल्या राज्यात दुधाला कोटा नाही, निदान कागदावर तरी नाही. गावात मात्र आहे. पुष्टकाळ म्हणजे दूध जास्त निघण्याचे महिने सुरू झाले, पावडर-बटरचे भाव पडले की संकलन केंद्रावरून निरोप येतो, "उद्यापासून तुमचं शंभरच लिटर घेऊ." त्याच्या मागोमाग दर उतरतो आणि ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) खाली पॉइंटमागची कपात वाढते. ही मर्यादा कोणी ठरवली, किती दिवस राहणार, काहीच लेखी नसतं.

मार बसतो तो गोठा वाढवणाऱ्याला. आम्ही संगमनेर तालुक्यात चार गाईंवरून बारा गाईंवर गेलो. कर्ज काढून मुक्त संचार गोठा उभा केला, दूध काढायचं मशीन घेतलं, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) भरला. बँकेच्या प्रकल्प अहवालात दूध किती निघेल, हप्ता किती बसेल, सगळं होतं. हे दूध घेणार कोण, याचा कागद कोणी मागितला नाही.

चार गाईंचं उरलेलं दूध शेजारीपाजारी, दही-तुपात जिरतं. बारा गाईंचे संध्याकाळचे कॅन परत आले तर ते नासायच्या आत न्यायचे कुठे? धार थांबवता येत नाही, कास तुंबली की दगडी (कासेचा आजार) होते. पेंड कमी केली तर दुधाला डिग्री (घट्टपणाचं माप) लागत नाही आणि आहे त्या दुधाचाही दर कापला जातो. दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पगारातून पेंडवाल्याचे पैसे गेले की बँकेच्या हप्त्याला काही उरत नाही. शेवटी गाभण कालवड विकायला लोणी गावच्या जनावरांच्या बाजारात न्यावी लागते. तिला वाढवायला अडीच-तीन वर्षं गेलेली असतात.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सरकारने रोज १० लाख लिटर अतिरिक्त दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन पावडर करायचं ठरवलं. २०२४ मध्ये आधी ५ आणि पुढे ७ रुपये अनुदान दिलं. पण अनुदान दर पडल्यावर येतं, आणि दूध संघाने घेतलंच नाही त्या लिटरवर ते मिळत नाही.

युरोपात १९८४ पासून ३१ मार्च २०१५ पर्यंत दुधाला कायदेशीर कोटा होता. जास्त दूध घातलं तर दंड बसायचा आणि वाढू पाहणाऱ्याचे हात बांधले जायचे. तसा कोटा मला नको आहे. पण तिथल्या शेतकऱ्याला निदान आपली हद्द गोठा बांधायच्या आधी माहीत असायची.

आपल्याकडे कारखाना उसाची नोंद घेतो, उसाला एफआरपीचं, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचं, कायदेशीर संरक्षण आहे. ऊस चार दिवस शेतात थांबू शकतो. दूध एक रात्र थांबत नाही, आणि त्याचीच नोंद कुठे नाही.

म्हणून मागणी अशी. सहकारी असो वा खासगी, प्रत्येक संघाने उत्पादकाशी वर्षाचा लेखी करार करावा. पुष्टकाळात किती लिटर घेणार, कपातीचा तक्ता काय, हे त्यात असावं. मर्यादा घालायची तर किमान तीन महिने आधी लेखी कळवावी. दुग्धव्यवसायाच्या कर्जप्रकरणाला हा करार जोडणं बंधनकारक करावं. करार मोडला तर न घेतलेल्या दुधाची भरपाई संघाने द्यावी.

येत्या अधिवेशनात असं विधेयक आणणार का, याचं उत्तर सभागृहात द्यावं, ही विनंती.

आपला,
एक दूध उत्पादक, संगमनेर तालुका