म्हाताऱ्यांचा आकडा वेगळा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ मार्च २०२१ ला साठीवरच्यांची कोरोना लस सुरू झाली. आठवडाभर आधीच अमरावतीत लॉकडाऊन लागलं होतं, माणसं भ्यालेली होती. पुढे आमच्या उपकेंद्रातही लशीचा डबा येऊ लागला आणि टोचायचं काम माझ्याकडे आलं. खुर्चीवर बसता बसता म्हाताऱ्यांचा प्रश्न ठरलेला, "बाई, हे पुण्याची व्हय का हैद्राबादची?" पुण्याची म्हणजे कोव्हिशिल्ड, हैदराबादची कोव्हॅक्सिन. निवडायची सोय ना त्यांना होती, ना मला. डब्यात जी आली ती. कुपीत दहा डोस, एकदा उघडली की चार तासांत संपवायची. म्हणून दहा जण जमेपर्यंत पहिला आलेला आजोबा बाकावर ताटकळत. एकदा नवावर गाडं अडलं तेव्हा आशाताई थेट वावरात गेली आणि दहावा घेऊन आली. त्याच्या दंडावरची माती मीच पुसली.

तो प्रश्न पारावर अजून संपलेला नाही. कोव्हिशिल्ड मुळात ज्या कंपनीची लस, त्या ॲस्ट्राझेनेकाने लशीमुळे क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात अशी कबुली लंडनच्या कोर्टात दिल्याची बातमी २०२४ मध्ये आली, तेव्हा पुण्याची घेतलेले घाबरले आणि हैदराबादवाले मिशीत हसले. तो त्रास फार विरळा, मुख्यतः तरुणांत आणि डोसनंतर पहिल्या काही आठवड्यांत दिसलेला. तीन वर्षांनी सत्तरीच्या माणसाने त्याची धास्ती घ्यायचं कारण नव्हतं. पण बातमीच्या मथळ्यात वय कुठे असतं?

माझं गाऱ्हाणं नेमकं हेच आहे. कोव्हॅक्सिन ७७.८ टक्के प्रभावी, हे तुम्हा सर्वांच्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत वाचलं. तो आकडा सगळ्या वयांचा होता. त्याच चाचणीत साठीवरच्यांचा आकडा ६७.८ निघाला. त्यातही खरी टक्केवारी ८ ते ९० यांमध्ये कुठेही असू शकते, असं अहवालातच दिलं होतं, कारण त्या वयातले बाधित मोजकेच होते. म्हणजे हैदराबादची म्हाताऱ्यांना कमी लागू पडली, असंही छातीठोक म्हणता येत नाही. ॲस्ट्राझेनेकाच्या अमेरिकेतल्या चाचणीत उलट चित्र : एकूण ७४, पण पासष्टीवरच्यांत ८३.५. तिकडच्या दुसऱ्या लशींपैकी फायझर म्हाताऱ्यांतही ९४ च्या वर राहिली, मॉडर्ना ९४ वरून ८६ वर आली.

आता हे आकडे ओळीने मांडून पहिला-दुसरा नंबर लावायचा मोह होतो. लावू नका. कापूस एका काट्यावर मोजला तरच भाव कळतो. कोव्हॅक्सिनची चाचणी आपल्याकडे डेल्टा पसरत असताना चालू होती, फायझरची त्याच्या आधीची. अमेरिकेत ॲस्ट्राझेनेकाचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने दिले, आपल्याकडे मे २०२१ पासून कोव्हिशिल्डचं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. जर्मनीचंच बघा. जानेवारी २०२१ मध्ये म्हाताऱ्यांची पुरेशी माहिती नाही म्हणून तिथे ॲस्ट्राझेनेका पासष्टीच्या आतल्यांनाच द्यायचं ठरलं. मार्चअखेरीस गाठींमुळे तीच फक्त साठीवरच्यांना देऊ लागले. लस तीच, दोन महिन्यांत वयाची अट उलटी.

मी टोचलेल्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीने कंपनीपेक्षा तिसरा डोस मोठा होता. वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, आणि ओमायक्रॉन आल्यावर दोन डोसांचा संसर्गापासूनचा बचाव काही महिन्यांतच ओसरत होता. १० जानेवारी २०२२ पासून आधी आजार असलेल्या आणि मार्चपासून सगळ्याच साठीवरच्यांना तो फुकट मिळत होता. पण पहिल्या डोसला ज्यांनी "पुण्याचीच द्या" म्हणून माझं डोकं खाल्लं, त्यांतले कितीतरी तिसऱ्याला फिरकलेच नाहीत. "साथ गेली नं बाई आता!" एवढंच. डबा उघडून बसायची आणि दहा जण काही जमायचे नाहीत.

पुढे कोणत्याही लशीची बातमी छापाल तेव्हा साठीवरच्यांचा आकडा वेगळा द्या, आणि तो किती माणसांवरून काढला तेही द्या. पान भरलं असेल तर सगळ्या वयांच्या एकूण आकड्याला कात्री लावा. आमच्याकडे पेपर पारावर मोठ्याने वाचला जातो, आणि ऐकणारे बहुतेक साठीच्या पुढचेच असतात.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. दर्यापूर, जि. अमरावती